इयान मर्डॉक

इयान ॲशली मर्डॉक (जन्म: २८ एप्रिल, इ.स. १९७३, कोन्स्टान्झ, पश्चिम जर्मनी. मृत्यू: २८ डिसेंबर, इ.स. २०१५, सान फ्रान्सिस्को, अमेरिका) हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ होते. डेबियन या मुक्त संचालन प्रणालीचे संस्थापक म्हणून ते ओळखले जातात. इ.स. १९९३ मध्ये विद्यार्थिदशेत असतानाच त्यांनी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली आणि मार्च, इ.स. १९९६ पर्यंत त्याचे नेतृत्व केले. पुढे त्यांनी प्रोजेनी लिनक्स सिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली आणि फ्री स्टँडर्ड्स ग्रुप, लिनक्स फाउंडेशन, सन मायक्रोसिस्टिम्स, सेल्सफोर्स व डॉकर या संस्थांमध्ये काम केले.

संगणकावरील प्रत्येक फाइल कोणत्या सॉफ्टवेअर पॅकेजातून आली याची नोंद ठेवणे आणि त्या पॅकेजाची जबाबदारी एखाद्या ठरावीक व्यक्तीकडे वा गटाकडे सोपवणे, ही पद्धत डेबियनने लिनक्सच्या जगात रुजवली. प्रणालीच्या कॉन्फिगरेशन फायलींच्या बाबतीत या पद्धतीचे महत्त्व विशेष जाणवते, कारण त्या फायलींवर पॅकेज तयार करणारा आणि संगणकाचा प्रशासक अशा दोघांचाही अधिकार असतो.

== बालपण व शिक्षण ==

मर्डॉक यांचा जन्म जर्मनीत झाला असला तरी त्यांचे आईवडील अमेरिकन होते. त्यांचे वडील कीटकशास्त्रज्ञ होते. इ.स. १९७५ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत परतले व पुढे इंडियाना राज्यात राहावयास गेले. वडील तेथील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होते. इयान यांचे शालेय शिक्षण त्याच परिसरात झाले व त्यानंतर त्यांनी पर्ड्यू विद्यापीठात प्रवेश घेतला. इ.स. १९९६ मध्ये त्यांनी संगणकशास्त्राची पदवी मिळवली. म्हणजेच डेबियनची घोषणा आणि त्याची पहिली तीन वर्षे हा सर्व काळ त्यांच्या विद्यार्थिदशेतला होता.

== पार्श्वभूमी ==

लिनस टोरवाल्ड्स यांनी इ.स. १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. कर्नल हा संचालन प्रणालीचा केवळ गाभा असतो. संगणक प्रत्यक्ष वापरण्यायोग्य होण्यासाठी त्याला आज्ञा स्वीकारणारा शेल, फायली हाताळणारी साधने, संपादक, कंपायलर आणि जाळ्याशी जोडणारे प्रोग्रॅम यांची जोड द्यावी लागते. ही साधने वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेली असतात. ती एकत्र करून, एकमेकांशी जुळवून वापरकर्त्याच्या हाती देणाऱ्या संचाला वितरण असे म्हणतात.

इ.स. १९९२ मध्ये पीटर मॅकडॉनल्ड यांनी सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टीम, अर्थात एसएलएस, हे वितरण प्रसिद्ध केले. त्या काळी ते लोकप्रिय होते, परंतु त्यात दोष पुष्कळ होते आणि ते वेळेवर दुरुस्त होत नसत. याच एसएलएसमध्ये सुधारणा करण्याच्या प्रयत्नातून पॅट्रिक फोल्करडिंग यांचे स्लॅकवेअर हे वितरण इ.स. १९९३ मध्ये जन्मास आले. मर्डॉक हेही एसएलएसचे वापरकर्ते होते आणि त्यातील उणिवांनी असमाधानी होते. त्यांनी मात्र एसएलएसची दुरुस्ती न करता नव्याने वितरण रचण्याचा मार्ग निवडला.

मर्डॉक यांच्या मते वितरण तयार करणे हे दिसते त्यापेक्षा अवघड काम होते. एकदा संच जुळवून दिला की काम संपत नाही. प्रत्येक घटकाच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, त्या जुन्या घटकांशी जुळवाव्या लागतात आणि वापरकर्त्यांनी कळवलेले दोष कोणीतरी दूर करावे लागतात. एकट्याने वितरण चालवणाऱ्याला हे सर्व सांभाळणे शक्य होत नाही आणि केवळ विक्रीसाठी वितरण काढणाऱ्याला त्याच्या देखभालीत रस उरत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते.

== डेबियनची स्थापना ==

१६ ऑगस्ट, इ.स. १९९३ रोजी मर्डॉक यांनी युजनेटवरील लिनक्सविषयक वृत्तगटात नव्या वितरणाची घोषणा केली. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते. डेबियन हे नाव त्यांनी त्यांच्या तत्कालीन मैत्रिणीच्या, म्हणजे पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या डेब्रा लिन यांच्या, नावातील आरंभीची अक्षरे आणि स्वतःचे इयान हे नाव जोडून तयार केले. हे दांपत्य पुढे विभक्त झाले.

प्रकल्पामागची भूमिका त्यांनी डेबियन जाहीरनामा या लेखातून मांडली. हा लेख इ.स. १९९३ मध्ये लिहिला गेला आणि जानेवारी, इ.स. १९९४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. लिनक्स कर्नल आणि ग्नू प्रकल्प यांच्याप्रमाणेच वितरणही खुलेपणाने व अनेकांच्या सहकार्याने घडावे, असे त्यात प्रतिपादन केले आहे. त्यासाठी प्रणाली सुट्या घटकांची बनलेली असावी, म्हणजे प्रत्येक घटक त्या विषयाची जाण असलेल्या व्यक्तीला स्वतंत्रपणे सांभाळता येईल, असे मर्डॉक यांचे म्हणणे होते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर, इ.स. १९९४ ते नोव्हेंबर, इ.स. १९९५ या एका वर्षासाठी डेबियनला आर्थिक पाठबळ दिले.

== डीपीकेजी आणि पॅकेज पद्धती ==

सुटे घटक अनेकांनी सांभाळायचे ठरले, की ते एका संगणकावर एकत्र नांदतील अशी व्यवस्था लागते. जानेवारी, इ.स. १९९४ मधील डेबियनच्या ०.९१ या आवृत्तीत पॅकेजे बसवण्याची व हाताळण्याची एक साधी प्रणाली होती. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमला डीपीकेजी हे नाव मिळाले. त्याचे पहिले रूप मर्डॉक यांनी लिहिलेल्या शेल स्क्रिप्टचे होते. त्यानंतर मॅट वेल्श, कार्ल स्ट्रीटर आणि मर्डॉक यांनी तो पर्ल भाषेत लिहिला. ब्रिटिश संगणकतज्ज्ञ इयान जॅक्सन यांनी इ.स. १९९४ मध्ये त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. आज वापरात असलेला डीपीकेजी हा या सी भाषेतील रूपाचा वारस आहे.

डेबियनचे पॅकेज म्हणजे एक संग्रह फाइल असते. तिच्यात दोन मुख्य भाग असतात. एका भागात संगणकावर ठेवायच्या प्रत्यक्ष फायली, ज्या ठिकाणी ठेवायच्या त्या मार्गांसह, बांधलेल्या असतात. दुसऱ्या भागात पॅकेजाची माहिती असते: नाव, आवृत्ती, कोणत्या अन्य पॅकेजांवर ते अवलंबून आहे, त्याची देखभाल कोण करतो, आणि बसवताना वा काढताना चालवायच्या स्क्रिप्ट.

अशी पद्धत आणणारे मर्डॉक हे पहिले नव्हते. एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टीम फाइव्ह, चौथी आवृत्ती या प्रणालीत पॅकेजांची व्यवस्था होती. तिच्यावर आधारलेल्या सोलारिसमध्ये कोणती फाइल कोणत्या पॅकेजाची आहे हे सांगणारी एक मोठी नोंदवही ठेवली जात असे. परंतु या प्रणाली एकेका कंपनीच्या होत्या व त्यांचे भाग त्या कंपनीच्या आतच तयार होत. एकमेकांना कधीही न भेटलेल्या स्वयंसेवकांनी तयार केलेल्या घटकांसाठी अशी नोंद ठेवणे हा डेबियनचा विशेष होता. सर्वांना एकत्र बसून ठरवणे शक्य नसल्यामुळे कोणाची हद्द कोठे संपते हे प्रणालीलाच ठाऊक असणे आवश्यक होते.

=== फायलीची मालकी ===

पॅकेज बसवताना डीपीकेजी त्यातील सर्व फायलींच्या मार्गांची यादी संगणकावरील एका ठरावीक निर्देशिकेत साठवतो. प्रत्येक पॅकेजाची यादी वेगळी असते. एखादी फाइल कोणत्या पॅकेजाची आहे हे विचारण्यासाठी डीपीकेजी या आज्ञेला मोठ्या एस अक्षराचा पर्याय आणि फायलीचा मार्ग द्यावा लागतो. मग प्रोग्रॅम सर्व याद्या शोधून जुळणाऱ्या पॅकेजाचे नाव सांगतो. उदाहरणार्थ, बॅश या शेलची सर्व वापरकर्त्यांना लागू होणारी कॉन्फिगरेशन फाइल बॅश पॅकेजाच्या नावावर निघते, तर डेबियनची आवृत्ती नोंदवणारी फाइल बेस-फाइल्स या पॅकेजाच्या नावावर निघते. संगणकावर न बसवलेल्या पॅकेजांतील फायली शोधण्यासाठी ॲप्ट-फाइल हे वेगळे साधन आहे. ते डेबियनच्या सर्व्हरवरील सूचींचा आधार घेते.

या नोंदींचा उपयोग केवळ माहितीपुरता नाही. एक पॅकेज दुसऱ्या पॅकेजाची फाइल पुसून तिच्या जागी आपली फाइल ठेवू लागले, तर डीपीकेजी ते काम थांबवतो आणि कोणत्या दोन पॅकेजांत तंटा आहे हे सांगतो. पहिल्या पॅकेजाची फाइल आपण घेणार आहोत असे दुसऱ्या पॅकेजाने आपल्या माहितीत आधीच जाहीर केले असेल तरच बदल होतो. पॅकेज काढून टाकतानाही त्याच्या यादीतील फायलीच काढल्या जातात, इतरांना धक्का लागत नाही. जेथे नुसत्या संग्रह फायली उलगडून प्रोग्रॅम बसवले जात, तेथे यांपैकी कशाचीच हमी नव्हती. शेवटी उलगडलेला संग्रह आधीच्या फायलींवर निमूटपणे लिहिला जाई.

=== कॉन्फिगरेशन फायलींचा प्रश्न ===

युनिक्ससारख्या प्रणालींत कॉन्फिगरेशन फायली मुख्यतः इटीसी नावाच्या निर्देशिकेत असतात. सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकावे, कोणाला आत घ्यावे, नोंदी कोठे लिहाव्यात अशा गोष्टी त्यांत लिहिलेल्या असतात. प्रोग्रॅमची फाइल पॅकेजाबरोबर येते आणि प्रशासक तिला सहसा हात लावत नाही. कॉन्फिगरेशन फाइल मात्र पॅकेजाबरोबर येते आणि प्रशासक ती आपल्या गरजेनुसार बदलतो. पॅकेजाची नवी आवृत्ती आली की अडचण उभी राहते. नवी फाइल जुनीवर लिहिली तर प्रशासकाचे काम वाया जाते आणि सर्व्हर बंद पडू शकतो किंवा असुरक्षित होऊ शकतो. नवी फाइल न लिहिली तर नव्या प्रोग्रॅमला आवश्यक असलेल्या सूचना त्याला मिळत नाहीत.

डीपीकेजीने या प्रश्नावर काढलेला तोडगा डेबियनच्या वैशिष्ट्यांपैकी एक मानला जातो. पॅकेज आपल्या कॉन्फिगरेशन फायलींची वेगळी यादी देते. अशा फाइलला डेबियनच्या परिभाषेत कॉन्फफाइल म्हणतात. डीपीकेजी पॅकेजाबरोबर आलेल्या मूळ फायलीचा एमडी-५ ठसा जपून ठेवतो. नवी आवृत्ती बसवताना तीन गोष्टींची तुलना होते: जुन्या पॅकेजाने दिलेली फाइल, संगणकावर सध्या असलेली फाइल आणि नव्या पॅकेजातील फाइल. तिच्या आधारे पुढीलप्रमाणे निर्णय होतो:

* प्रशासकाने फाइल बदललेली नसेल आणि पॅकेजाने बदलली असेल, तर नवी फाइल न विचारता बसवली जाते.
* प्रशासकाने फाइल बदललेली असेल आणि पॅकेजाने बदलली नसेल, तर प्रशासकाची फाइल जशीच्या तशी राहते.
* दोघांनीही बदल केले असतील, तर डीपीकेजी थांबून प्रशासकाला विचारतो. दोन्ही फायलींतील फरक पाहण्याची सोय असते. काहीच निवडले नाही तर प्रशासकाची फाइल कायम राहते.
* प्रशासकाने फाइल मुद्दाम पुसून टाकली असेल, तर तोही त्याचा निर्णय मानला जातो आणि ती पुन्हा निर्माण केली जात नाही.

निवड काहीही झाली तरी मागे टाकलेली फाइल वेगळ्या नावाने जवळच ठेवली जाते, त्यामुळे निर्णय चुकला तरी तो सुधारता येतो. पॅकेज काढताना दोन पायऱ्या असण्याचे कारणही हेच आहे. साध्या काढण्यात प्रोग्रॅम जातो, पण कॉन्फिगरेशन फायली राहतात. पॅकेज समूळ काढण्याची आज्ञा दिली तरच त्या जातात.

डेबियनच्या धोरण-दस्तऐवजात यासंबंधी नियम घालून दिलेले आहेत. प्रशासकाने केलेले बदल पॅकेजाच्या नव्या आवृत्तीने जपले पाहिजेत. एका पॅकेजाच्या स्क्रिप्टने दुसऱ्या पॅकेजाच्या कॉन्फफाइलला हात लावू नये. एक कॉन्फिगरेशन फाइल अनेक पॅकेजांना लागत असेल, तर त्यांपैकी एकाने तिचे मालक व्हावे आणि इतरांना बदल करण्यासाठी साधन उपलब्ध करून द्यावे.

=== मर्यादा ===

इटीसी निर्देशिकेतील प्रत्येक फाइल डीपीकेजीच्या याद्यांत सापडतेच असे नाही. वापरकर्त्यांची नावे असलेली पासवर्ड फाइल किंवा डिस्कांचे विभाग नोंदवणारी फाइल या प्रत्येक संगणकावर वेगळ्या असतात. त्या पॅकेजात बांधून पाठवता येत नाहीत, तर प्रणाली बसवताना तयार केल्या जातात. अशा फायलींविषयी विचारल्यास कोणतेही पॅकेज जुळत नाही असे उत्तर मिळते. काही पॅकेजे आपली कॉन्फिगरेशन फाइल स्क्रिप्टच्या द्वारे निर्माण करतात. तिच्यातील बदल सांभाळण्यासाठी यूसीएफ नावाचे स्वतंत्र साधन वापरले जाते आणि त्याच्या नोंदीही स्वतंत्र असतात. सुरक्षित दूरप्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच सर्व्हरची मुख्य कॉन्फिगरेशन फाइल या प्रकारात मोडते. म्हणून डीपीकेजीकडून मालक न मिळाल्यास ती फाइल निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

दुसरी मर्यादा मार्गांची आहे. डीपीकेजीच्या यादीत पॅकेजाने दिलेला मार्ग नोंदलेला असतो. प्रत्यक्षात तेथे प्रतीकात्मक दुवा असेल आणि प्रशासकाने दुव्याच्या पलीकडील मार्ग विचारला असेल, तर फाइल संगणकावर असूनही शोध निष्फळ ठरू शकतो.

== पॅकेजांची जबाबदारी ==

डेबियनमध्ये फायलीपासून सुरू झालेली साखळी माणसापर्यंत जाते. फायलीचे पॅकेज कळले, की त्या पॅकेजाच्या माहितीत देखभालकर्त्याचे नाव व पत्ता असतो. दोष आढळल्यास तो पॅकेजाच्या नावानेच नोंदवला जातो. त्यासाठीची दोषनोंद प्रणालीही इयान जॅक्सन यांनी तयार केली. एसएलएसमध्ये मर्डॉक यांना जी उणीव जाणवली होती, ती या साखळीने भरून निघाली: दोष कोणाला कळवायचा आणि दुरुस्ती कोणी करायची, हे आता आधीच ठरलेले होते.

मार्च, इ.स. १९९५ मधील ०.९३ आर-५ ही आवृत्ती डेबियनची पहिली आधुनिक आवृत्ती समजली जाते. तिच्यात विकासकांनी आपापली पॅकेजे सांभाळायची आणि मूळ प्रणाली बसल्यानंतर पुढील सर्व कारभार डीपीकेजीने पाहायचा, अशी घडी बसली. नोव्हेंबर, इ.स. १९९५ मध्ये ०.९३ आर-६ ही आवृत्ती आली, तेव्हा देखभालकर्त्यांची संख्या सुमारे ६० झाली होती. जून, इ.स. १९९६ मध्ये निघालेल्या १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती.

मार्च, इ.स. १९९६ मध्ये मर्डॉक यांनी नेतृत्व सोडले आणि ब्रूस पेरेन्स त्यांच्या जागी आले. संस्थापक बाजूला झाल्यावरही प्रकल्प थांबला नाही. कामाची वाटणी पॅकेजागणिक झालेली असल्यामुळे कोणा एकाच्या जाण्याने सर्व काम अडत नसे. डेबियनचा सामाजिक करार इ.स. १९९७ मध्ये स्वीकारला गेला. अवलंबित पॅकेजे आपोआप आणणारी ॲप्ट ही प्रणाली इ.स. १९९९ मधील २.१ या आवृत्तीपासून डेबियनचा भाग झाली. हे दोन्ही टप्पे मर्डॉक यांच्या नेतृत्वानंतरचे आहेत.

== पुढील कारकीर्द ==

=== प्रोजेनी ===

पदवीनंतर मर्डॉक यांनी ॲरिझोना विद्यापीठात संशोधन प्रकल्पावर प्रोग्रॅमर म्हणून काम केले. तेथील प्राध्यापक जॉन हार्टमन यांच्यासह त्यांनी इंडियानापोलिस येथे प्रोजेनी लिनक्स सिस्टिम्स ही कंपनी उभारली. कंपनीने इ.स. २००१ मध्ये प्रोजेनी डेबियन हे डेबियनवर आधारित वितरण प्रसिद्ध केले, परंतु ते फार काळ चालले नाही. त्यानंतर कंपनीने इतर संस्थांना आपापली वितरणे सुट्या घटकांतून जुळवून देण्याच्या व्यवसायावर भर दिला. इ.स. २००७ मध्ये कंपनी बंद झाली.

=== लिनक्स स्टँडर्ड बेस ===

इ.स. २००६ मध्ये मर्डॉक फ्री स्टँडर्ड्स ग्रुपचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले. या संस्थेच्या लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रमाणीकरण प्रकल्पाचेही ते प्रमुख होते. निरनिराळ्या वितरणांवर एकच प्रोग्रॅम चालावा म्हणून किमान समान नियम ठरवणे हा या प्रकल्पाचा हेतू होता. या प्रमाणात पॅकेजासाठी स्वीकारलेले स्वरूप डेबियनचे नसून रेड हॅट कंपनीच्या आरपीएमचे होते. आरपीएममध्येही फायलीचे पॅकेज विचारण्याची आणि बदललेल्या कॉन्फिगरेशन फायली वेगळ्या नावाने जपण्याची सोय आहे, मात्र तिचे नियम डीपीकेजीपेक्षा वेगळे आहेत. डेबियनवर अशी पॅकेजे एलियन या साधनाने रूपांतरित करून बसवता येत. जानेवारी, इ.स. २००७ मध्ये फ्री स्टँडर्ड्स ग्रुप आणि ओपन सोर्स डेव्हलपमेंट लॅब्स यांच्या विलीनीकरणातून लिनक्स फाउंडेशन ही संस्था निर्माण झाली व मर्डॉक तिचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले.

=== सन मायक्रोसिस्टिम्स ===

मार्च, इ.स. २००७ मध्ये मर्डॉक यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये प्रवेश केला. तेथे त्यांनी प्रोजेक्ट इंडियाना या उपक्रमाचे नेतृत्व केले. सोलारिस ही प्रणाली लिनक्सच्या वापरकर्त्यांना ओळखीची व सोपी वाटावी, हा त्याचा उद्देश होता. त्यातून मे, इ.स. २००८ मध्ये ओपनसोलारिसची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात सनच्या अभियंत्यांनी रचलेली इमेज पॅकेजिंग सिस्टीम ही नवी पॅकेज व्यवस्था होती. तीत पॅकेजे जाळ्यावरील भांडारातून येत आणि त्यांना मनमानी स्क्रिप्ट चालवण्याची मुभा नव्हती. कॉन्फिगरेशन फाइल नव्या आवृत्तीतही जपायची की नाही, हे पॅकेजाच्या वर्णनात त्या फायलीपुढेच नोंदवले जाई. इ.स. २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ताब्यात घेतल्यानंतर मर्डॉक यांनी ती कंपनी सोडली.

=== अखेरची वर्षे व मृत्यू ===

इ.स. २०११ पासून मर्डॉक इंडियानापोलिस येथील एक्झॅक्टटार्गेट या कंपनीत उपाध्यक्ष होते. ही कंपनी इ.स. २०१३ मध्ये सेल्सफोर्सने विकत घेतली. नोव्हेंबर, इ.स. २०१५ मध्ये ते सान फ्रान्सिस्को येथील डॉकर या कंपनीत रुजू झाले. डॉकरचे तंत्रज्ञान प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या सर्व फायली एका कंटेनर प्रतिमेत बांधते. अनेक प्रतिमांचा पाया डेबियनचा असतो. परंतु प्रतिमा तयार करताना कॉन्फिगरेशन फायली बहुधा थेट तीत उतरवल्या जातात, त्यामुळे त्यांची नोंद डीपीकेजीऐवजी प्रतिमेच्या कृतिपत्रात शोधावी लागते.

२८ डिसेंबर, इ.स. २०१५ रोजी सान फ्रान्सिस्को येथे मर्डॉक यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४२ वर्षे होते. मृत्यूपूर्वी त्यांनी ट्विटरवर लिहिलेल्या संदेशांत पोलिसांशी झालेल्या संघर्षाचा उल्लेख होता आणि त्या संदेशांमुळे परिचितांमध्ये चिंता पसरली होती. ३० डिसेंबर रोजी डॉकर कंपनीने त्यांच्या निधनाची वार्ता जाहीर केली. शहराच्या वैद्यकीय परीक्षकांनी पुढे दिलेल्या अहवालात हा मृत्यू आत्महत्येने झाल्याचे नमूद केले.

== वारसा ==

१७ जून, इ.स. २०१७ रोजी प्रसिद्ध झालेली डेबियनची स्ट्रेच नावाची ९ वी आवृत्ती मर्डॉक यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. इ.स. २००४ मध्ये सुरू झालेले उबुंटू हे वितरण डेबियनवर आधारलेले आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची अधिकृत संचालन प्रणालीही डेबियनपासूनच बनलेली आहे. या सर्वांत डीपीकेजीच कार्यरत असल्यामुळे फायलीचे पॅकेज शोधण्याची आज्ञा सर्वत्र सारखीच चालते. इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. त्याच वर्षी डेबियनच्या विकासकांची वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, भारतात केरळमधील कोची येथे भरली. डेबियन बसवण्याचा प्रोग्रॅम मराठीतही उपलब्ध आहे. त्याचे भाषांतरही स्वयंसेवकांनीच केलेले आहे.

डीपीकेजीचा आजचा कोड, कॉन्फफाइलचे नियम किंवा दोषनोंद प्रणाली यांचे श्रेय एकट्या मर्डॉक यांना दिले जात नाही. या गोष्टी इयान जॅक्सन व त्यांच्यानंतरच्या अनेक विकासकांनी घडवल्या. मर्डॉक यांचे श्रेय प्रामुख्याने मूळ रचनेचे आहे: प्रणाली सुट्या पॅकेजांची असावी, प्रत्येक पॅकेजाला नाव असलेला देखभालकर्ता असावा आणि सर्व काम उघडपणे चालावे. संगणकाच्या प्रशासकाला एखादी अनोळखी कॉन्फिगरेशन फाइल दिसल्यावर ती कोणत्या पॅकेजाची, ती बदलली तर पुढे काय होईल आणि दोष असल्यास तो कोणाला कळवायचा, हे बहुतेक वेळा एक-दोन आज्ञांत समजते, ते या रचनेमुळेच.